बसलं तर चालेल ना?

१. दोन दुकानं, एकच कॉफी

एकाच रस्त्यावर कॉफीची दोन दुकानं असतात. दूध एकाच डेअरीचं, पूड जवळपास सारखी, भावात पाच-दहा रुपयांचा फरक. तरीही एका दुकानात संध्याकाळी खुर्ची मिळत नाही आणि दुसऱ्यातले पंखे रिकाम्या टेबलांवर फिरत राहतात. असं का होतं, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडतो आणि नवं दुकान काढू पाहणाऱ्याला तर रात्रंदिवस पडतो. त्याचं उत्तर सहसा असं मिळतं की पहिल्याचं वातावरण चांगलं आहे, सर्व्हिस चांगली आहे. या उत्तरानं फारसं उलगडत नाही. वातावरण म्हणजे पिवळे दिवे, सोफा आणि गाणी असं समजून लाखो रुपये खर्च केलेली दुकानं वर्षभरात बंद होतात, आणि रंग उडालेल्या भिंतींच्या हॉटेलात तीन पिढ्या येत राहतात.

गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात माणूस पैसे देऊन जे घेतो, त्यात कॉफी हा एक भाग असतो. दुसरा आणि माझ्या मते मोठा भाग म्हणजे काही काळ निर्धास्त बसण्याची मोकळीक. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो: मी इथे बसलो तर चालेल ना? कुठे बसू, कोणाला हाक मारू, एकाच कपावर किती वेळ बसता येईल, बिल किती होईल, माझ्यासारखी माणसं इथे येतात का, हे सगळे त्या एका प्रश्नाचेच फाटे आहेत. जे दुकान या प्रश्नाचं उत्तर लवकर आणि स्वच्छ देतं, त्याचं वातावरण आपल्याला चांगलं वाटतं. दिवे आणि सोफे त्यात मदत करतात, एवढंच.

हे नीट दिसावं म्हणून एक जागा डोळ्यांसमोर ठेवू. भाईंदर पश्चिमेला, मुंबईतल्या धारावीशी नावापुरतंच साम्य असलेलं एक धारावी बेट आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावं त्याच भागातली, आणि तारोडीही तिथलंच. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. ही वाढ मुख्यतः रेल्वेमार्गाच्या आसपासच्या इमारतींत झाली. समुद्राकडच्या या पट्ट्यात कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीची जुनी घडी अजून दिसते. अशा गावात बसायला जागा फुकट असते: घराचा ओटा, देवळाचं किंवा चर्चचं आवार, बंदराचा कठडा. मग तारोडीत कोणी कॉफीचं दुकान काढलं, तर लोकांनी खुर्चीचे पैसे का द्यावेत? कारण ओटा कोणाचा तरी असतो. नव्यानं भाड्यानं राहायला आलेलं जोडपं, अभ्यासाला शांत कोपरा शोधणारी मुलगी, सुट्टीला समुद्रावर आलेलं कुटुंब, यांच्यापैकी कोणालाही त्या ओट्यावर आपणहून बसता येत नाही. दुकानातली खुर्ची पैसे देणाऱ्या कोणाचीही होऊ शकते. मात्र ती तशी आहे हे दुकानानं दाखवून द्यावं लागतं.

२. इराण्याची पाटी

महाराष्ट्रात ही मोकळीक सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोणी विकली असेल, तर ती इराणी हॉटेलवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून आलेल्या झरतुष्ट्री आणि मुस्लिम कुटुंबांनी मुंबई-पुण्यात ही हॉटेलं काढली. धोबी तलावचं कयानी १९०४ मधलं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ मधलं, पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ मधलं. त्यांच्या रचनेकडे नीट पाहिलं तर प्रत्येक गोष्ट आपल्या प्रश्नाला उत्तर देते. हॉटेल बहुधा नाक्यावर, दोन रस्त्यांना उघडं, त्यामुळे आत कोण बसलंय, कुठली खुर्ची रिकामी आहे, हे पाऊल टाकण्याआधीच दिसतं. भिंतींवर आरसे, त्यामुळे पाठ करून बसलेल्यालाही दार दिसतं आणि मालकाला सगळी टेबलं दिसतात. गल्ला उंचावर. काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई, मावा केक मांडलेले, म्हणजे काय मिळतं हे विचारण्याचा संकोच नाही. ब्रुन मस्का आणि चहा एवढ्यावर पेपर वाचत बसलेला माणूस हे तिथलं नेहमीचं दृश्य, आणि ते पाहूनच नवख्याला कळतं की इथे असं बसतात.

आता हरकत येईल की इराण्याकडे तर मनाईच्या पाट्यांची रांग असायची, मग मोकळीक कसली? हे करू नका, ते करू नका, जास्त वेळ बसू नका. धोबी तलावच्याच, आता बंद झालेल्या बस्तानी हॉटेलातल्या अशा सूचनांवरून, मराठीभाषक बेने इस्रायली समाजातले कवी निस्सीम इझिकेल यांनी १९७२ मध्ये एक इंग्रजी कविता केली आणि ती भारतभर गाजली. लोक ती मजा म्हणून वाचतात. मला त्यात दुसरंच काही महत्त्वाचं दिसतं. त्या यादीत मनाई आहेच, पण कोणत्याही जातीच्या माणसाचं स्वागत आहे, आणि काही आवडलं नाही तर आम्हाला सांगा अशी विनंतीही आहे. मनाई आणि स्वागत एकाच पाटीवर नांदू शकतात, कारण दोन्हींचं काम एकच: अंदाज बांधण्याचे कष्ट वाचवणं. लिहिलेला नियम सगळ्यांना सारखा लागतो. न लिहिलेला नियम मात्र वेटरच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो, आणि बुजऱ्या माणसाला तो चेहरा नेहमीच रागावलेला वाटतो. ज्या दुकानात एकही पाटी नाही पण अर्ध्या तासानंतर वेटर तीनदा येऊन टेबल पुसून जातो, ते दुकान पाटीवाल्या इराण्यापेक्षा जास्त कठोर आहे.

३. दारापासून पहिल्या घोटापर्यंत

गिऱ्हाइकाची अस्वस्थता सर्वांत जास्त असते ती पहिल्या एक-दोन मिनिटांत. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचं सार साध्या शब्दांत असं: घड्याळातली मिनिटं आणि मनातली मिनिटं वेगळी असतात. काम सुरू होण्याआधीची वाट कामाच्या मधल्या वाटेपेक्षा लांब वाटते. किती वेळ लागेल हे माहीत नसलं तर आणखी लांब, आणि आपल्यानंतर आलेल्याला आधी मिळालं तर ती असह्य होते.

एक उदाहरण घेऊ. एका दुकानात माणूस येऊन बसतो, सहा मिनिटं कोणी बघत नाही, मग ऑर्डर घेतात आणि दोन मिनिटांत कॉफी येते. एकूण आठ मिनिटं. दुसऱ्या दुकानात आत येताच काउंटरमागचा मुलगा मान वर करून म्हणतो, “बसा काका, हे दोन कप झाले की आलोच.” तो तीन मिनिटांनी येतो, आणखी सात मिनिटांनी कॉफी. एकूण दहा. घड्याळाप्रमाणे दुसरं दुकान हळू आहे, तरी तक्रार पहिल्याची होते. पहिल्या सहा मिनिटांत गिऱ्हाईक कॉफीची वाट पाहत नव्हतं. आपण इथे आहोत हे कोणाला दिसलंय की नाही, याची ते वाट पाहत होतं. म्हणून माणसं कमी असतील तर सेवेचा वेग वाढवण्यापेक्षा दखल घेण्याचा वेग वाढवणं स्वस्त पडतं. मान वर करायला पैसे लागत नाहीत.

असाच अस्वस्थतेचा दुसरा क्षण बिलाचा. भावफलकावर नसलेली रक्कम बिलात दिसली की आधीचा सगळा निर्धास्तपणा मागे जाऊन पुसला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना सेवाशुल्क आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना वैध ठरवल्या. हॉटेलवाल्यांचं म्हणणं होतं की हा पैसा नोकरांच्या कल्याणाला जातो. तसं असेल तर तो कपाच्या किमतीत धरावा. दहा रुपये महाग कॉफी गिऱ्हाईक समजून घेतं, पण शेवटी लावलेले दहा रुपये फसवणुकीसारखे टोचतात.

४. ओळख किती, कुठवर

एलिझाबेथ डन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका स्टारबक्समध्ये साधा प्रयोग केला. काही गिऱ्हाइकांना सांगितलं की काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसा, दोन शब्द बोला. बाकीच्यांना सांगितलं की पैसे तयार ठेवा, बोलणं टाळा, पटकन काम उरका. कॉफी घेऊन बाहेर पडल्यावर विचारलं, तेव्हा बोललेल्यांचं मन अधिक प्रसन्न होतं, आणि आपण इथले आहोत ही भावना त्यांच्यात जास्त होती. हा अभ्यास छोटा होता, एका शहरातला होता, आणि परिणाम त्या क्षणापुरता मोजलेला होता, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण अनोळखी माणसाशी झालेल्या दोन वाक्यांनीही फरक पडतो, ही त्यातली गोष्ट आपल्या वाण्याच्या, दूधवाल्याच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

यावरून लगेच असा निष्कर्ष काढतात की नोकरांना हसायला शिकवा, गिऱ्हाइकाचं नाव विचारा, त्याची चौकशी करा. इथे थांबायला हवं. ओळखीचं स्वागत ही जशी उबदार गोष्ट आहे तशीच ती पाळतही होऊ शकते. गावात तर फारच सहज. “आज एकटीच?” किंवा “काल कोण होतं बरोबर?” हे प्रश्न विचारणाऱ्याला आपुलकीचे वाटतात, पण ज्या मुलीला ते विचारले जातात ती पुन्हा येत नाही. उत्तम वेटर काय लक्षात ठेवतो ते पाहा: साखर कमी, खिडकीजवळचं टेबल, पेपर मराठी. तो कॉफीची आठवण ठेवतो आणि माणसाच्या खासगी गोष्टी विसरून जातो. नेहमीचा कप न सांगता समोर येणं यात ओळखही आहे आणि अंतरही आहे. गल्लीतल्या दुकानाला दोन्ही सांभाळता आली पाहिजेत, आणि यातलं दुसरं अधिक अवघड आहे.

शिवाय नेहमीच्या लोकांवर जास्त माया केली तर नवा माणूस परका होतो. चार मित्र गल्ल्याला टेकून उभे, मालक त्यांच्याशी गप्पांत रंगलेला, आणि दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईला वाटतं की आपण कोणाच्या तरी घरात शिरलो. त्या मालकाचा हेतू वाईट नसतो. पण सोबतीचा मान आणि रांगेतला नंबर या गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात. मित्राशी जरूर बोलावं, पण कप आधी आलेल्याला आधी.

५. आवाज

आवाजाचा विचार दुकानदार सर्वांत शेवटी करतात, तोही गाणी कोणती लावायची एवढाच. खरं तर बसणाऱ्याचा निर्धास्तपणा आवाजावर फार अवलंबून असतो, आणि तो दोन्ही टोकांना बिघडतो. अगदी शांत दुकानात शेजारच्या टेबलाला आपलं प्रत्येक वाक्य ऐकू जातं, मग माणसं कुजबुजतात आणि लवकर उठतात. फार गोंगाटात ओरडावं लागतं. मधली पातळी अशी की शेजारचे बोलताहेत हे कळावं, काय बोलताहेत ते कळू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेहता, झू आणि चीमा यांच्या अभ्यासात सुमारे ७० डेसिबलचा पार्श्वभूमीचा आवाज नव्या कल्पना सुचण्यासाठी ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा बरा ठरला, आणि ८५ डेसिबलला तो फायदा उरला नाही. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचं माप. साधं संभाषण साधारण ६० च्या आसपास असतं.

गोंगाट वाढतो कसा हेही समजून घेण्याजोगं आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एका टेबलानं चढवला की दुसरं चढवतं, मग पहिलं आणखी चढवतं. त्यात लादी, काच, ग्रॅनाइट आणि सपाट छत असलं की आवाज शोषला जात नाही, आपटून परत येतो. जुन्या इराण्याकडेही संगमरवर आणि आरसेच होते, पण छत उंच आणि दोन बाजू रस्त्याला उघड्या, त्यामुळे आवाज बाहेर निघून जायचा. आजचं वातानुकूलित दुकान चारी बाजूंनी बंद. तिथे गाणी मोठी लावणं म्हणजे गिऱ्हाइकांना ओरडायला लावणं. जाड पडदे, गाद्या घातलेली बाकं, पुस्तकांचं कपाट यांनी फरक पडतो. आणि तारोडीसारख्या ठिकाणी तर खाऱ्या वाऱ्याला एक बाजू मोकळी ठेवणं हा सर्वांत सोपा उपाय आहे.

६. खुर्चीचा हिशेब

आता सर्वांत जड हरकत. एका कपावर दोन तास बसणारी माणसं दुकान बुडवतात, मोकळीक विकून भाडं निघत नाही. ही हरकत भावनेनं उडवून लावण्यासारखी नाही, तिचा हिशेबच मांडायला हवा. दुकान म्हणजे पाण्याची टाकी समजा. टाकीत जितकं पाणी मावतं त्याला प्रत्येक थेंब आत थांबण्याच्या वेळेनं भागलं, की तासाला किती पाणी वाहू शकेल ते कळतं. २४ खुर्च्या आहेत आणि प्रत्येक जण सरासरी ४० मिनिटं बसतो, तर तासाला ३६ माणसं येऊन जाऊ शकतात. सरासरी ६० मिनिटं झाली तर २४ च. माणशी १२० रुपये धरले तर एका तासाचा गल्ला ४,३२० वरून २,८८० वर येतो. तासाला १,४४० रुपयांचा फटका. मालक चिडणारच.

पण हे गणित टाकी भरलेली असतानाच लागू पडतं. दुपारी १२ ते ४ या वेळात २४ पैकी सहाच खुर्च्या भरलेल्या असतील, तर कोणी तीन तास बसला तरी दारातून एकही गिऱ्हाईक परत जात नाही. त्याच्या बसण्याचा खर्च जवळजवळ शून्य, आणि बाहेरून जाणाऱ्याला आत माणसं दिसतात हा फायदा वेगळा. म्हणजे प्रश्न फार वेळ बसण्याचा नाही, गर्दीत फार वेळ बसण्याचा आहे. तारोडीच्या दुकानात बहुधा रविवारी सुट्टीची माणसं येतील आणि मंगळवारच्या दुपारी गावातलेच चार जण. दोन्ही दिवसांना एकच नियम लावणं अडाणीपणाचं होईल. “रविवारी संध्याकाळी ५ ते ८ गर्दी असते, अर्ध्या तासानं जागा द्यावी, इतर वेळी हवं तितकं बसा” अशी पाटी दारातच लावली तर कोणाचाही अपमान होत नाही. आधी सांगितलेली मर्यादा माणूस पाळतो. मध्येच सांगितलेली मर्यादा त्याला हाकलल्यासारखी वाटते.

दाक्षिणात्य हॉटेलांनी याचं दुसरं उत्तर काढलं. माटुंग्याच्या १९४२ पासूनच्या रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगसारख्या ठिकाणी खाणं हेच काम, जेवण झालं की उठायचं, आणि ते कोणाला खटकत नाही, कारण तिथल्या खुर्चीचा करारच तसा आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीनं तोच उडुपी स्वयंपाक ठेवून गप्पांना जागा दिली. दोन्ही पद्धती चालतात. पडतं ते दुकान, जे दिसतं गप्पांचं आणि वागतं बोर्डिंगसारखं. आणि जास्त वेळ बसणाऱ्यांनी काय दिलं याचा हिशेब सगळाच गल्ल्यात सापडत नाही. काळा घोड्याच्या वेसाइड इनमधल्या टेबलावर अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसत. त्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर त्यांचा ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह उभा आहे, जो २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी निघाला.

७. जागा कोणासाठी

महाराष्ट्रात बसण्याच्या मोकळीकीचा इतिहास कॉफीपेक्षा जुना आणि कडवट आहे. हॉटेलात कोणी बसावं, कोणाला कप बाहेर मिळावा, हे जातीवर ठरत होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि नुसती मदत देऊन न थांबता स्वतः तिथे चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. यात एक व्यवहाराची खोल समज होती. सर्वांना मुभा आहे असं जाहीर केल्यानं जागा सर्वांची होत नाही, कोणीतरी तिथे बसलेलं दिसावं लागतं. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नावानिशी उल्लेख आला, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं हॉटेलातल्या भांड्यांपर्यंतचा भेदभाव गुन्हा ठरवला.

कायद्यानं दार उघडलं, पण आत आल्यावरच्या नजरा कायद्याच्या आवाक्यात नसतात. म्हणूनच दुकानदाराचं काम उरतं. खेळण्यांचा किंवा लहान मुलांच्या खुर्चीचा कोपरा दिसला तर आईला कळतं. भावफलक मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असला तर म्हाताऱ्या माणसाला चष्मा शोधावा लागत नाही आणि कॉफीची परदेशी नावं उच्चारण्याची धास्ती राहत नाही. ‘लाटे’ या नावासमोर ‘जास्त दूध, कमी कडू’ एवढं लिहिलं तरी पुरे. जायफळ घातलेली घरगुती कॉफी यादीत असली तर जी आजी अशा दुकानात आयुष्यात आली नसती तीही नातीबरोबर येते. पायरीला उतार, स्वच्छ आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, हे तर सजावटीच्या आधी व्हायला हवं. बाई एकटी तासभर बसेल की नाही, हे बऱ्याचदा त्या कडीवर ठरतं.

८. उभा असलेला माणूस

या सगळ्यात एक माणूस राहिला, जो दिवसभर इतरांना बसवतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामावर लिहिताना दाखवलं की हसतमुख राहणं हेही श्रमच आहेत. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याइतकेच ते थकवतात, फक्त दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला प्रसन्न चेहरा हवा असेल तर तो दहा-बारा तास उभं राहून मिळत नाही. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात कामगारांना बसायची सोय देण्याची तरतूद झाली. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. दुकानदार म्हणतात, नोकर बसलेला दिसला तर गिऱ्हाइकाला आळशीपणा वाटतो. असं वाटणारं गिऱ्हाईक असेलही. पण जिथे काउंटरमागे स्टूल आहे, जेवणाची वेळ ठरलेली आहे, आणि उद्धट गिऱ्हाइकासमोर मालक नोकराची बाजू घेतो, तिथे माणसं टिकतात. माणसं टिकली तरच साखर कमी घेणाऱ्या काकांची आठवण ठेवायला कोणी उरतं. दर दोन महिन्यांनी पोरगा बदलणाऱ्या दुकानात काकांना रोज नव्यानं सांगावं लागतं. म्हणून तारोडीत दुकान काढणाऱ्यानं खर्चाची यादी करताना दिव्यांच्या आधी दोन स्टुलं लिहावीत, आणि पगाराचा आकडा असा धरावा की दुसऱ्या वर्षीही काउंटरमागे तीच माणसं असतील.